सुभेदाराचं जाकीट

"जो समाज आपल्या कुत्र्यांना कपडे घालू लागतो, त्याचा ऱ्हास कुणीही रोखू शकत नाही," असं मी जाहीर केलं. जाहीर करताना मी व्हरांड्यात उकिडवा बसून आमच्या कुत्र्याला जाकीट घालत होतो.

"समाजाचं मागाहून बघा," शरयू म्हणाली. "आधी त्याचा डावा पाय बाहेर काढा. दोन्ही पाय एकाच भोकात कोंबलेत तुम्ही."

सुभेदार निमूट उभा होता. अंगानं तांबूस, एक कान पडलेला, आणि चेहरा पेन्शनचे कागद घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसासारखा. जाकीट भडक पोपटी रंगाचं होतं आणि त्यावर रस्त्यावर काम करणाऱ्या मजुरांच्या अंगावर असतात तशा चकाकणाऱ्या पट्ट्या होत्या. गळ्यातल्या पट्ट्यावर एक लाल दिवा उघडमीट करत होता. त्याखाली घुंगूर होतं. आणि या सगळ्याला जोडलेली दोरी हातात धरायची नव्हती, तर माझ्या कमरेला बांधायची होती.

"कमरेला कशाला?"

"हिसका मारला तर सुटायला नको."

"हा कुणाला हिसका मारणार? परवा मांजर अंगावरून गेली तर हा बाजूला सरला."

"म्हणूनच म्हणते. गाडीखाली जायचा एखादा दिवस."

सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. साताऱ्याच्या कडेला कृष्णाई सहनिवास नावाची एक वसाहत आहे, तिथं आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. वसाहतीत बहुतेक निवृत्त माणसं. मीही नुकताच निवृत्त झालो होतो. एका दैनिकात मी दर रविवारी विनोदी सदर लिहायचो. संपादक बदलले आणि नव्या संपादकांनी ते सदर बंद करून त्या जागी राशिभविष्य वाढवलं. वाचकांची बरीच पत्रं आली. राशिभविष्य आवडल्याची.

सुभेदार मुळात आमचा नव्हता. तो वसाहतीच्या फाटकाशी बसलेला असायचा. शरयूनं त्याला दोनदा पोळी घातली आणि त्यानंतर आम्ही त्याचे झालो. पुढं मात्र शरयूला त्याच्या सुरक्षिततेचा असा काही ध्यास लागला की मला तिची काळजी वाटू लागली. आमची मुलगी मुक्ता बंगळुरात असते. तिच्याकडून खोकी येऊ लागली. एका खोक्यात दिवा, एकात जाकीट, एकात पायांत घालायचे रबरी मोजे. मोजे सुभेदारानं पहिल्याच दिवशी खाल्ले. एका खोक्यात पितळी बिल्ला निघाला. त्यावर माझं नाव, घराचा पत्ता आणि शरयूचा फोन नंबर कोरलेला होता.

"यावर कुत्र्याचं नाव कुठंय?" मी विचारलं.

"त्याला त्याचं नाव माहीत आहे."

"मग मला माझं माहीत नाही का?"

"हरवलात तर," शरयू म्हणाली, आणि लगेच, "हरवला तर लोकांनी कुणाला कळवायचं? त्यालाच?"

शरयूशी वाद घालताना मला उत्तरं रविवारी सुचायची.

अशी ती वरात रोज संध्याकाळी निघायची. पुढं रोषणाई केलेला सुभेदार, मागं कमरेला बांधलेला मी. रस्त्यातली पोरं टाळ्या वाजवायची. एकदा एका रिक्षावाल्यानं थांबून विचारलं, "सर्कस कुठं लागलीय?" लाजेनं माझे कान तापायचे. जन्मभर दुसऱ्यांना हसण्यात घालवलेल्या माणसाला आपल्याकडं कुणी बघतंय हे सोसत नाही. मी रोज तक्रार करायचो. घालताना करायचो, काढताना करायचो, जेवताना करायचो.

पण एकही दिवस मी ते जाकीट किंवा तो दिवा घरी ठेवून गेलो नाही. त्याचं कारण फक्त मला ठाऊक होतं.

मला संध्याकाळी दिसत नव्हतं.

दिवसा सगळं ठीक असायचं. पेपर वाचायचो, लिहायचो, तांदळातले खडे वेचायचो. पण ऊन उतरलं की जगावर कुणीतरी ओलं काळं फडकं फिरवत न्यायचं. माणसं खांबांसारखी दिसायची आणि खांब माणसांसारखे. पुढं तेही दिसेनासं व्हायचं. दिवे तेवढे दिसायचे, ठिपक्यांसारखे.

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरला नाही, मुक्ताला नाही, शरयूला तर नाहीच. माझे चुलते आबा यांना असंच झालं होतं. गावात ते कळल्यावर घरच्यांनी प्रेमानं त्यांना दिवेलागणीला खाटेवर बसवायला सुरुवात केली. तिथंच जेवण, तिथंच तांब्या. बाहेर वरात गेली तर कुणीतरी आत येऊन त्यांना घोडा कसला होता ते सांगायचं. आबा त्यानंतर मरेपर्यंत संध्याकाळी घराबाहेर पडले नाहीत. त्यांच्या दिमतीला सगळं घर होतं, आणि मी त्यांच्यासारखा दुःखी माणूस पाहिलेला नाही.

मला फिरायला जायचं होतं, एवढंच. घरापासून कालव्याच्या पुलापर्यंत आणि परत. पुलाच्या कठड्यावर वसाहतीतली चार टाळकी बसायची, तिथं मी काहीतरी बोलायचो आणि लोक हसायचे. दिवसभरातला तेवढाच वेळ मी कुणीतरी असायचो. शरयूला कळलं असतं तर ते संपलं असतं. मग बंगळूर, अकरावा मजला, आणि बाल्कनीतली खुर्ची.

म्हणून सुभेदार मला देवासारखा वाटत होता. त्याचा लाल दिवा मला दिसायचा. घुंगूर ऐकू यायचं. कमरेच्या दोरीला ताण पडला की रस्ता वळलाय हे कळायचं. शिवाय त्याला एक विचित्र खोड होती. प्रत्येक पायरीपाशी, प्रत्येक कठड्यापाशी तो थांबायचा आणि वर तोंड करून वाट बघायचा, टेबलाखालून काही मिळाल्याशिवाय फाइल पुढं न सरकवणाऱ्या कारकुनासारखा. मी पाऊल टाकलं की मगच हलायचा. शरयूला वाटत होतं की मी तिच्या हट्टापुढं मान तुकवतोय. मला वाटत होतं की मी तिला बेमालूम फसवतोय. आमचा संसार दोन्हीकडून सुखाचा चालला होता.

वसाहतीत माझं एकाच माणसाशी बिनसलं होतं, ते म्हणजे फरांदे. एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेला मोठ्या आवाजाचा, मोठ्या अंगाचा माणूस. कायम खाकी सफारी. एकदा अंधार पडताना ते त्यांच्या जिन्याशी उभे दिसले. मी थांबलो आणि पाण्याच्या टाकीचा विषय काढला. टाकी कशी गळते, सोसायटीची समिती कशी झोपलेली आहे, यावर मी चांगला बोललो. स्वतःलाच आवडलं. फरांदे हूं की चूं करेनात. मी म्हटलं, "तुमचं काय मत?" उत्तर नाही. मी म्हटलं, "मत नसेल तर तसं सांगा, असं ताठ्यानं उभं राहू नका." तरी उत्तर नाही. मी निघून आलो आणि त्यांच्याशी बोलणं बंद केलं.

काही दिवसांनी ते आपणहून फिरायला माझ्याबरोबर येऊ लागले. झाल्या प्रकाराबद्दल अवाक्षर काढलं नाही, पण अखंड बडबड सुरू.

"चला निकमसाहेब. आता उतार लागला. डावीकडं खडी टाकलीय बघा लोकांनी, काय अक्कल आहे का. हां, आता सपाट. म्हस बांधलीय रस्त्यातच. उजवीकडनं घ्या. आलाच पूल."

"फरांदे, तुम्ही निवृत्त झालात," मी म्हणालो. "आता थांबे पुकारायची गरज नाही."

"सवय हो," ते म्हणाले. "जाता जात न्हाई."

ओशाळलेला माणूस बडबडतो, असा मी त्याचा अर्थ लावला आणि त्यांना मनातल्या मनात माफ केलं.

वसाहतीचे आणखीही काही नमुने माझ्या ध्यानात येऊ लागले होते. समितीनं सगळ्या पायऱ्यांच्या आणि कठड्यांच्या कडांना चुन्याचे जाड पांढरे पट्टे मारायचा ठराव आणला. मी त्या सभेत उठून विरोध केला. म्हटलं, ही वसाहत आहे की झेब्र्यांचा गोठा? लोक हसले. मग सगळ्यांनी हात वर केले आणि माझ्या एका मताविरुद्ध ठराव मंजूर झाला.

आणि तिसरा नमुना सर्वांत मजेदार. या वसाहतीत संध्याकाळी कुणी समोरून आलं की नमस्काराच्या आधी स्वतःचं नाव सांगायचं. "मी खटावकर, दळण घेऊन चाललेय." "मी फरांदे, हा इकडं उभा आहे." पहिल्यांदा मला वाटलं इथली रीत असेल. मग वाटलं, निवृत्तीनंतर टेबलावरची नावाची पाटी जाते, त्यामुळं माणसाला स्वतःच पाटी होऊन फिरावं लागतं. हे मला इतकं आवडलं की मी त्यावर लेखच लिहिला.

वसाहतीचा वर्धापनदिन जवळ आला होता. खटावकर बाई माझ्याकडं आल्या. त्या शाळेत गणित शिकवायच्या, आणि अजूनही समोरचा माणूस उत्तर चुकणार अशा नजरेनं बघायच्या.

"तुम्ही काहीतरी वाचून दाखवा," त्या म्हणाल्या. "विनोदी. फार लांब नको."

मी तीन पानं लिहिली. कार्यक्रम संध्याकाळी, आणि समाजमंदिरात एक ट्यूबलाइट, तीही प्रेक्षकांच्या डोक्यावर. वाचता येणार नव्हतं हे उघड होतं. म्हणून मी लेख पाठ केला. कुठं पान उलटायचं, कुठं चष्मा सावरायचा, कुठं एखाद्या शब्दावर अडखळल्यासारखं करायचं, तेही बसवलं. दुपारी शरयू पडली की मी मागच्या खोलीत तालीम करायचो. ती पडलेली नसायची, हे मला नंतर कळलं.

वर्धापनदिनाच्या सकाळी ती म्हणाली, "अहो, तो लेख नका वाचू."

"कुठला?"

"वसाहतीवरचा. एखादा जुना वाचा. बायकोच्या माहेरचा आहे ना, तो. मी काही म्हणणार नाही."

ही बाई स्वतःच्या माहेरची थट्टा करायला परवानगी देत होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"यात वाईट काय आहे?"

"वाईट नाही. पण ती नावांची गोष्ट आहे ना, तेवढी तरी गाळा."

"तोच तर कळस आहे."

"खटावकर बाईंना वाईट वाटेल."

"शरयू, ज्याच्यावर विनोद केला त्याला वाईट वाटणार नसेल, तर तो विनोद कशाला करायचा?"

ती काहीतरी बोलणार होती. मग आत गेली आणि सुभेदाराचा दिवा चार्जिंगला लावला.

समाजमंदिर भरलं होतं. भरलं म्हणजे तीसेक माणसं, आणि मागच्या रांगेत शरयूपाशी सुभेदार. आधी एका काकांनी बासरी वाजवली, मग दोन बायकांनी भावगीत म्हटलं. माझी पाळी येईपर्यंत खिडक्यांतला उजेड संपला होता. फरांदे मला मंचापर्यंत सोडायला आले. "दोन पायऱ्या," ते म्हणाले. मी म्हटलं, "मी मोजल्यात." उभा राहिलो. समोर धुरकट पिवळा डाग होता, त्यात माणसं बसलेली आहेत असं मी धरून चाललो. पानं हातात धरली आणि डोळे जवळजवळ मिटून घेतले. पाठ केलेलं आठवायला तेच बरं पडायचं.

सुरुवात सुभेदारापासून केली. "आमच्या कुत्र्याकडं जाकीट आहे, दिवा आहे, घुंगूर आहे आणि ओळखपत्र आहे. माझ्याकडं यांतलं काहीही नाही. मी मेलो तर ओळख पटवायला कुत्र्याला बोलवावं लागेल." छान हशा आला. मग फरांद्यांवर आलो. "आमच्या वसाहतीत एक गृहस्थ आहेत. ते फिरायला निघाले की रस्ताच एसटीत बसतो." सगळ्यांत मोठ्यानं फरांदेच हसले. पान उलटलं. चुन्याचे पट्टे. "पायरी कुठं आहे हे ज्यांना दिसत नाही, त्यांना पट्टा कसा दिसणार, असा प्रश्न मी सभेत विचारणार होतो." इथं हसू थोडं कमी आलं. मागून कुणीतरी खोकलं.

मी चष्मा सावरला. तेवढ्यात सभागृहातून एक मोठा 'आऽ' उमटला. सगळ्यांचा मिळून, एका आवाजात. चाळीस वर्षांत माझ्या लिखाणाला असा दाद देणारा आवाज मी ऐकला नव्हता. पाठोपाठ संपूर्ण शांतता. पंख्याची घरघरसुद्धा थांबली. मला वाटलं, हा माझा परिणाम.

मी उत्साहात आलो आणि कळसाला हात घातला. नावांची गोष्ट. निवृत्त माणूस म्हणजे पाटी काढून घेतलेला दरवाजा, वगैरे. मग मी खटावकर बाईंची नक्कल केली. आवाज चिरका काढला, मान तिरकी केली. "नमस्कार. मी खटावकर. दळण घेऊन चाललेय. मी खटावकर. दळण घेऊन परत आलेय. मी खटावकर. आज दळण नाही, पण तरी मी खटावकर."

कुणी हसलं नाही. मला वाटलं, हशा गोळा होतोय. मी वेळ दिला. तालमीत बसवल्याप्रमाणं अगदी ऐटीत दुसरं पान उलटलं.

घुंगूर वाजलं.

खुर्च्यांच्या मधून ते हळूहळू जवळ येत होतं. मी डोळे उघडले. समोर पिवळा डाग नव्हता. काहीच नव्हतं. नुसत्या काळ्यात एक लाल ठिपका उघडमीट करत माझ्याकडं येत होता.

"लाइट गेली का?" मी विचारलं.

"मघाशीच," फरांद्यांचा आवाज आला. आणि मग अतिशय आपुलकीनं, "पण तुम्ही वाचा की."

माझ्या हातात तिसरं पान होतं. मिट्ट काळोखात, योग्य ठिकाणी, बोटाला थुंकी लावून मी आधीचं उलटलं होतं. समोर तीस माणसं बसली होती, आणि त्यांच्यापैकी कुणालाही स्वतःचा हात दिसत नव्हता.

सुभेदार मंचाशी येऊन थांबला. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कुणीतरी दोन पायऱ्या चढून माझ्या उजव्या बाजूला आलं.

"मी खटावकर," बाई म्हणाल्या. "दोन पायऱ्या आहेत. पट्टे आहेत, पण ते आत्ता दिसायचे नाहीत. कुणालाच. हात द्या."

मी हात दिला. त्यांनी तो धरला, वर्गातून पोराला बाहेर नेतात तसा नाही, वेगळा. आम्ही उतरलो. त्या दोन पायऱ्या उतरताना मला एकेक गोष्ट कळत गेली. पहिल्या पायरीवर नावं कळली. दुसरीवर पट्टे. खाली फरशीवर पाय टेकला तेव्हा फरांद्यांचे थांबे कळले. माझ्या गालांवर कुणी तवा ठेवल्यासारखं झालं. लाइट नव्हती हे एक बरं होतं.

कुणीतरी बॅटरीचा कंदील आणला. लोक उठून बोलू लागले, मुद्दाम इतर विषयांवर. चहा फिरू लागला. मला एका खुर्चीत बसवलं होतं आणि सुभेदार माझ्या पायांवर हनुवटी ठेवून बसला होता. शेजारी फरांदे.

"तुम्हाला कधी कळलं?" मी हळू आवाजात विचारलं.

"कळायचं काय त्यात. तुम्ही माझ्या स्कूटरशी बोलत होता की."

"कधी?"

"टाकीवरनं नाही का. पावसाचं वातावरण म्हणून मी स्कूटरवर माझं जुनं खाकी कापड टाकलेलं. मी जिन्यात उभा. तुम्ही इतक्या पोटतिडकीनं बोलत होता, मला मधी तोंड घालवंना. मग तुम्ही तिला ताठा आहे म्हणालात आणि गेलात."

"मग तेव्हाच सांगायचं."

"काय सांगू? ती स्कूटर हाय म्हणून?"

मी सुभेदाराच्या डोक्यावरून हात फिरवला.

"मी वहिनींना सांगितलं," फरांदे म्हणाले. "त्यांना आधीच ठावं होतं. दुसऱ्या दिवशी त्या घरोघर जाऊन आल्या. म्हणाल्या, त्यांचं फिरणं बंद करायचं नाही, आणि आपल्याला कळलंय हे त्यांना कळू द्यायचं नाही. ठराव-बिराव न्हाई झाला त्याचा. तसंच ठरलं."

"आणि मी पट्ट्यांच्या विरोधात भाषण केलं."

"चांगलं केलं. टाळ्या पडल्या की."

खटावकर बाई चहाचा कप घेऊन आल्या. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि कपाचा कान कुठल्या बाजूला आहे ते माझं बोट तिथं नेऊन दाखवलं.

"बाई," मी म्हणालो, "मी जे वाचलं..."

"पाठ होतं," त्या म्हणाल्या. "एकही शब्द चुकला नाहीत. माझा आवाज मात्र तसा नाही."

"नाही."

"मग झालं तर."

मला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती विचारायची लाज सर्वांत जास्त वाटत होती. शेवटी विचारली. "फरांदे, लोक हसत होते ते तरी खरं होतं का?"

फरांद्यांनी विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नसावी. एवढे दिवस जे केलं तेच त्यांना जड गेलं असणार.

"पहिल्या पानाला आपोआप आलं," ते म्हणाले. "दुसऱ्याला जरा काढावं लागलं."

आम्ही घरी निघालो. दोरी कमरेला होती, शरयू माझ्या मागं एक पाऊल. लाइट अजून आली नव्हती. समाजमंदिराच्या दाराशी पायरी आली, सुभेदार थांबला, वर बघू लागला. मी पाऊल टाकलं. मागून शरयू खाली वाकल्याचं जाणवलं आणि सुभेदारानं काहीतरी कुरूमकुरूम खाल्लं.

"काय देतेस त्याला?"

"पोळीचा तुकडा. वाळवलेला."

"रोज देतेस?"

"दुपारी. तुम्ही झोपलात की आम्ही दोघं पुलापर्यंत जाऊन येतो. प्रत्येक पायरीला एक तुकडा. आधी महिनाभर ऐकतच नव्हता. उन्हात बसकण मारायचा."

उन्हाळा होता तो. सातारचं ऊन, आणि शरयूला गुडघेदुखी. पुढच्या पायरीला सुभेदार पुन्हा थांबला आणि पुन्हा कारकुनासारखं वर बघू लागला. लेखात त्याच्या या खोडीवरही माझा एक विनोद होता. तिसऱ्या पानावर. तो राहिला म्हणून मला बरं वाटलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पडल्या पडल्या मी शरयूला काय म्हणायचं ते मनात रचत राहिलो. लिहिणाऱ्या माणसाची खोड. सुरुवात कशी करायची, आबांना कुठं आणायचं, आवाज कुठं उतरवायचा. एक वाक्य तर इतकं सुरेख जमलं की माझे डोळे भरून आले.

सकाळी मी व्हरांड्यातल्या खुर्चीत बसलो. स्वच्छ उजेड होता, सगळं दिसत होतं. समोरच्या कठड्यावरचा चुन्याचा पट्टा दिसत होता. शरयू आतून झाडत झाडत बाहेर आली.

"शरयू," मी म्हणालो.

"हं."

"मला संध्याकाळी दिसत नाही."

तिचा हात थांबला. क्षणभरच.

"आबांना खाटेवर बसवलं तसं मलाही बसवतील, या भीतीनं मी तुला सांगितलं नाही," मी म्हणालो. आवाज ठरवल्याप्रमाणं उतरला नाही, मधेच फाटला. "मी लोकांना हसत राहिलो, आणि लोक माझ्यासाठी चुना कालवत राहिले. तू उन्हातून..."

"गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडं जायचंय," ती म्हणाली. "मुक्ताशी बोललेय मी. ती इकडं या म्हणाली तर मी सांगितलं, आम्ही इथंच बरे आहोत. फिरायला जायचं ते जायचंच. त्यात काही बदल नाही."

"एवढंच?"

"अजून काय?"

मी खुर्चीत ताठ बसलो. ते सुरेख वाक्य अजून शिल्लक होतं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "शरयू, माणूस जन्मभर..."

"अहो," ती म्हणाली, "जरा पाय वर घ्या. खाली केर आहे."